पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, हेड पॅकिंग सगळं नवीन, तरी पसरणी घाटात गाडी गरम होतेय

भिलारचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. इथे वाचायला नेहमी येतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण आता माझे हात टेकलेत.

गाडी २०१२ ची डिझेल पिकअप, अडीच लिटरचं इंजिन, २ लाख १० हजार किलोमीटर झालेत. आमची स्ट्रॉबेरी आहे. हंगामात रोज पहाटे माल घेऊन घाट उतरायचा, वाईत माल द्यायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत वर यायचं. म्हणजे चढताना गाडी जवळपास रिकामी असते, हे लक्षात घ्या.

नोव्हेंबरात वॉटर पंपातून पाणी झिरपायला लागलं. माझ्या वेळेत लक्षात आलं नाही. एक दिवस घाटात काटा लालवर गेला आणि हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील, गेलं. गॅरेजमध्ये १२ दिवस गाडी होती. हेड काढून लेथवर फेसिंग केलं, पॅकिंग नवीन, पंप नवीन, थर्मोस्टॅट नवीन, रेडिएटर नवीन, वरचा-खालचा दोन्ही पाईप नवीन, बेल्ट नवीन. बिल ४१ हजार.

आता त्रास असा. सपाट रस्त्यावर काही नाही. अर्धा तास जागेवर चालू ठेवली तरी काटा मधे. वाई सोडून घाट सुरू झाला की बुवासाहेब मंदिराच्या आसपास काटा चढायला लागतो आणि दांडेघरपर्यंत लालजवळ जातो. गाडी बाजूला घेऊन चालूच ठेवली तर ५-७ मिनिटांत काटा आपोआप खाली येतो. कूलंटच्या बाटलीत पाणी वाढलेलं असतं, कधी बाहेरही येतं. गाडी थंड झाल्यावर ते परत आत जात नाही, रोज सकाळी मलाच रेडिएटर भरावा लागतो.

मिस्त्री म्हणतात ब्लॉकला क्रॅक असणार, इंजिन उतरवायला लागेल, ८० हजार धरून चला. ऐन हंगामात गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर माल शेतातच सडेल. इंजिन उतरवायच्या आधी अजून काय काय बघता येईल?

कुंभार्लीकर

दादा, आधी हवा काढली का ते विचारा. हेड उघडलं की सगळं पाणी जातं. परत भरताना वरच्या वर ओतून झाकण लावलं तर हेडमध्ये नाहीतर हीटरच्या पाईपमध्ये हवेचा गोळा अडकतो. पाणी पूर्ण भरल्यासारखं दिसतं पण फिरत नाही. माझ्या गाडीला चिपळूणला हेच झालं होतं, तीन दिवस मी विनाकारण पंपाला दोष देत होतो.

पद्धत अशी: गाडी गार असताना पुढचं तोंड चढावर करून उभी करा. तुमच्याकडे चढाला काय तोटा! हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडला की पाण्याची पातळी एकदम खाली जाते आणि बुडबुडे येतात. भरत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. वरच्या पाईपला हाताने दाबून सोडलं तर अडकलेली हवा लवकर निघते. इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून सलग पाणी येईपर्यंत थांबा.

आणि गरम गाडीचं झाकण काही झालं तरी उघडू नका. माझ्या मावसभावाचा कोपरापासून हात भाजला होता, दीड महिना पट्टी होती.

टॉर्कपाना

मला पॅकिंगबद्दल विचारायचंय. डिझेलला एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या जाडीची हेड पॅकिंग येतात. कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यांच्या संख्येवरून जाडी कळते. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतोय ते मोजून पॅकिंग निवडायचं असतं. दुकानात मिळालं ते टाकलं असं चालत नाही. दुसरं, पॅकिंग उलटं बसलं तर पाण्याची काही भोकं झाकली जातात आणि मागच्या सिलिंडरला पाणीच मिळत नाही. तिसरं, फेसिंग झाल्यावर हेड सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कुणी तपासलं का? चौथं, बोल्ट जुनेच वापरले की नवे? काही इंजिनांचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात.

हे उघडल्याशिवाय दिसणार नाही हे मला कळतंय. पण मिस्त्रींना विचारता तर येईल.

वऱ्हाडी_ऊन

भाऊ, फॅन पाहिला का? इकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत जे शिकलो ते सांगतो. जागेवर किंवा हळू चालताना गरम होत असेल तर फॅनकडे बोट जातं. वेगात किंवा जोर लावताना गरम होत असेल तर पाण्याच्या फिरण्याकडे बोट जातं. तुमचं जागेवर आराम आहे, म्हणजे फॅनवर माझा संशय कमी आहे. तरी रेडिएटरभोवतीचं प्लॅस्टिकचं काउल परत लावलं आहे ना ते बघून घ्या. काम झाल्यावर ते गॅरेजच्या कोपऱ्यात राहून गेलेलं मी स्वतः पाहिलंय. काउल नसलं की फॅन समोरची हवा ओढायच्या ऐवजी बाजूचीच हवा घुसळतो.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचरा बसतो तोही काढा. समोरून पाहिलं तर दिसत नाही.

भिलारचा_शेतकरी

सगळ्यांचे आभार. काल रविवार होता, माल नव्हता, दिवसभर गाडीलाच धरून होतो.

घराच्या चढावर तोंड वर करून हवा काढली. दोनदा मोठे बुडबुडे आले आणि जवळपास पाऊण लिटर पाणी जास्त मावलं. खूप आशा वाटली. आज सकाळी घाट चढलो, तर परत तेच, फक्त एक-दोन वळणं उशिरा. काउल जागेवर आहे. फटीत कचरा नाही, रेडिएटर नवीनच आहे.

पॅकिंगचं मिस्त्रींना फोनवर विचारलं. जुन्या पॅकिंगला जितक्या खाचा होत्या तितक्याच खाचांचं नवं आणलं म्हणाले. बोल्ट जुनेच आहेत.

सडा_रस्ता

थर्मोस्टॅट काढून टाका राव. आपल्या हवेत त्याची गरजच नाही. आमच्याकडच्या निम्म्या गाड्यांना नाही, मस्त चालतात.

गाडीवाली

सडा_रस्ता, कृपा करून हा सल्ला देऊ नका, मी कळकळीने सांगतेय. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी मागची बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात गोल गोल फिरतं. घाटात गाडी उलट जास्त गरम होऊ शकते. शिवाय थंडीत इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त पितं आणि झीज वाढते. महाबळेश्वरच्या डिसेंबरात तर नक्कीच.

शेतकरी दादा, काढून फेकण्यापेक्षा तपासा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. तळाला टेकू देऊ नका. त्याच्यावर कोरलेला आकडा असतो, साधारण ८२ वगैरे. त्या आकड्याला तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या १२-१५ डिग्रीत पूर्ण उघडला पाहिजे. परत बसवताना त्याच्या कडेची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते.

अजून एक. डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो. ७५ ते १०० च्या दरम्यान तो मधेच बसून राहतो आणि मग एकदम उडी मारतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा स्कॅनर मिळतो, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. आणि ब्लॉक उतरवायच्या आधी गॅस टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी लावतात, सिलिंडरचा धूर पाण्यात मिसळत असेल तर रंग बदलतो. एवढ्या स्वस्त तपासणीआधी ८० हजारांचा निर्णय कुणी घेऊ नये.

टॉर्कपाना

गाडीवालींशी सहमत. क्रॅक असेल किंवा पॅकिंग फुटलं असेल तर गार गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा घट्ट होतो, पाणी गरम व्हायच्या आधीच. तेही हाताने बघा.

भिलारचा_शेतकरी

चार दिवसांनी लिहितोय, मधे तोडणी होती.

थर्मोस्टॅट घरच्या गॅसवर तपासला. आईचं दुधाचं पातेलं घेतलं म्हणून तिची बोलणी खाल्ली. ८२ ला बारीक फट पडली, ९४-९५ ला पूर्ण उघडला. म्हणजे तो चांगला आहे.

साताऱ्यात गॅस टेस्ट केली. निळं पाणी निळंच राहिलं. गार गाडीत वरचा पाईप मऊच राहतो. म्हणजे ब्लॉकचं भूत निदान अर्धं तरी उतरलं, रात्री झोप लागली.

स्कॅनर मिळाला. जागेवर ८६ ते ८९. वाई-सुरूर रस्त्यावर ८८. घाटात मंदिराच्या वळणावर ११२! बंदुकीसारखा थर्मामीटरही आणला होता. जागेवर चालू असताना वरचा पाईप ८८, खालचा ७९.

एक गोष्ट विचित्र वाटली म्हणून सांगतो. मला वडिलांनी शिकवलंय की गाडी गरम व्हायला लागली की खालच्या गिअरमध्ये घ्यायची, म्हणजे पंप आणि फॅन जोरात फिरतात. म्हणून मी घाटात दुसऱ्यावर चालवतो. काल मागे पुण्याची बस होती, तिच्या घाईने तिसऱ्यावर ओढली, तर आकडा १०१ वर आला. परत दुसऱ्यावर घेतली की ११० च्या पुढे. दोनदा करून पाहिलं. इंजिनाला दम लागत असताना गाडी कमी गरम होते, हे कसं?

जुना_फिटर

शेतकरी दादा, तुम्ही शेवटी जे सहज लिहिलंय त्यातच तुमचा रोग आहे.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वडिलांनी शिकवलेलं बरोबर आहे. निरोगी गाडीत खालचा गिअर म्हणजे इंजिनाचे जास्त फेरे, जास्त पाणी, जास्त वारा, म्हणून गाडी थंड. तुमच्याकडे फेरे वाढले की बिघडतंय आणि कमी झाले की सुधारतंय. क्रॅक असा वागत नाही. रेडिएटर नवीन आहे, तो कोंदलेला नसणार. फेरे वाढल्यावर पाण्याची वाट बंद करणारं काहीतरी आहे.

पंप पाणी ढकलतो एका बाजूने आणि ओढतो दुसऱ्या बाजूने. ओढायची बाजू म्हणजे रेडिएटरचा खालचा पाईप. फेरे वाढले की तिथे ओढ वाढते. रबर मऊ असेल तर गरम झाल्यावर पाईप चपटा होतो, उसाच्या रसाची नळी जोरात ओढल्यावर होते तसा. म्हणून कंपनी पुष्कळ गाड्यांत त्या पाईपच्या आत तारेची स्प्रिंग घालते. तुमचा पाईप नवीन टाकलाय. आत स्प्रिंग आहे का?

तपासणी दोघांनी करा. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. एकाने फेरे हळूहळू मिनिटाला ३००० पर्यंत न्यावेत. दुसऱ्याने बाजूला उभं राहून टॉर्चने खालचा पाईप बघावा. मफलर, ओढणी, सैल बाही अंगावर नको, फॅनच्या रेषेत डोकं नको, हात आत घालायचा नाही. फक्त बघायचं.

आणि तुमच्या रेडिएटरची कॅप नवीन आहे की जुन्याचीच काढून लावली?

भिलारचा_शेतकरी

काका, हे लिहिताना अजून हाताला ग्रीस आहे.

धाकट्या भावाला आत बसवलं, मी उजव्या बाजूला टॉर्च घेऊन उभा राहिलो. ८०० वर पाईप गोल गरगरीत. १५०० वर तसाच. २२०० च्या आसपास वळणाच्या आतल्या बाजूला एक खळगा दिसायला लागला, अंगठ्याने दाबल्यासारखा. २८०० ला दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या. पाईप अक्षरशः पट्ट्यासारखा चपटा. भावाने पाय काढला आणि तो टप्पकन आवाज करून परत गोल झाला. मी त्याला परत परत करायला लावलं, सहा-सात वेळा. डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

जुने पार्ट मी मागून घेतले होते, पोत्यात गोठ्यात पडलेत. जुना खालचा पाईप काढून ब्लेडने उभा चिरला. आत स्प्रिंग आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गंजलेली, पण आहे. नवा पाईप काढून आत बोट घातलं, काही नाही, नुसतं रबर.

कॅप जुनीच लावलीय. खालचं रबर चिरलंय आणि मधली छोटी पितळी चकती चुन्याने घट्ट बसलीय, नखाने ओढली तरी हलत नाही. आम्ही इतकी वर्षं बोअरचंच पाणी घालत आलोय.

जुना_फिटर

मग दोन्ही मिळून झालंय. समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी फसवणार नाही.

कॅपचं काम नुसतं झाकायचं नसतं. ती पाणी दाबाखाली ठेवते. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. गाडी गरम झाली की पाणी फुगतं, दाब तयार होतो, आणि तो दाब खालच्या पाईपलाही आतून फुगवून धरतो. तुमच्या कॅपचं रबर चिरलेलं, दाब धरत नाही, म्हणून पाणी बाटलीत पळतं. आतून आधार गेला आणि वरून पंपाची ओढ, त्यात स्प्रिंग नाही. पाईप चपटा होणारच. जुन्या पाईपला स्प्रिंग होती म्हणून कॅप आधीपासून खराब असली तरी कळलं नाही.

दाबाचा दुसरा उपयोग उकळण्याचा. घाटाच्या माथ्यावरची पाचगणी १२०० मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ च्या आसपासच उकळतं. चांगली कॅप असेल तर तेच पाणी ११० च्या पुढे जाऊनही उकळत नाही, निम्मं कूलंट असेल तर त्याहून वर. तुम्ही रोज ११२ पर्यंत जात होतात. लगेच चालवणं थांबवा.

मधली पितळी चकती म्हणजे परतीची वाट. गाडी गार झाली की पाणी आकसतं, ती चकती उघडते आणि बाटलीतलं पाणी आत ओढलं जातं. ती चिकटली म्हणून तुम्हाला रोज सकाळी पाणी भरायला लागत होतं. हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. ते आमच्यापैकी कुणीच उचललं नाही, मीही नाही.

वऱ्हाडी_ऊन

काका, माझ्या एका गाडीचा पाईप सकाळी गार असताना चपटा झालेला दिसायचा. तोही पंपामुळेच का?

जुना_फिटर

नाही. गार झाल्यावर चपटा तो कॅपच्या चकतीमुळे. गरम असताना फेरे वाढवल्यावर चपटा तो ओढीमुळे. दुसऱ्या प्रकारात रेडिएटर आतून कोंदला असेल तरी तसंच होतं, म्हणून नुसती स्प्रिंग घालून मोकळं होऊ नये, रेडिएटरही बघावा. दादांचा नवीन आहे म्हणून तो प्रश्न नाही.

भिलारचा_शेतकरी

झालं मंडळी.

स्प्रिंगवाला खालचा पाईप साताऱ्यात मिळाला नाही, पुण्याहून मागवला, ६५० रुपये. ०.९ ची नवी कॅप २४० रुपये. ब्लॉक दोनदा साध्या पाण्याने धुतला, पहिल्यांदा चहासारखं पाणी आलं. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कुंभार्लीकरांच्या पद्धतीने हवा काढली.

३००० वर पाईप गोल. आज मुद्दाम क्रेटमध्ये चार गोणी खत भरून घाट चढलो, दुसऱ्यावर, थांबायचं नाही असं ठरवून. मंदिराच्या वळणावर ९१. दांडेघरला ९४. पाचगणीच्या बाजारात थांबलो तेव्हा ८८. भाऊ शेजारी मोबाइल धरून आकडे मोठ्याने वाचत होता.

मिस्त्रींना जुना चिरलेला पाईप नेऊन दाखवला. भांडायला गेलो नव्हतो. त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिला, म्हणाले दुकानदाराने दिला तो लावला, आत बघितलं नाही. मला वाईट एवढंच वाटतं की "सगळं नवीन टाकलंय" हे वाक्य आम्ही दोघंही पुरावा म्हणून वापरत होतो. नवीन पाईपवर संशय घ्यायचं आमच्या डोक्यातच आलं नाही, म्हणून ब्लॉकपर्यंत पोचलो.

कुंभार्लीकर

वाचून फार बरं वाटलं दादा. आता एक प्रश्न. माझा पाईप चांगला आहे पण बाहेरून दाबला तर मऊ लागतो, आत स्प्रिंग नाही. जुन्या पाईपमधली गंजकी स्प्रिंग घासून घातली तर चालेल का?

जुना_फिटर

घालू नका. गंजलेली तार आत तुटली तर तुकडा पंपाच्या पात्यात जातो आणि गंजाचा भुगा नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. आधी तुमच्या गाडीला कंपनीने स्प्रिंग दिली होती का ते बघा. काही गाड्यांना जाड, आत धाग्याचं विणकाम असलेला पाईप देतात, त्याला स्प्रिंग लागत नाही. पाईप काढायचीही गरज नाही. गाडी गरम करा, ३००० फेरे, टॉर्च. गोल राहिला तर हात लावू नका.

कुंभार्लीकर

आत्ताच पाहिलं. गोल आहे.